मुरीच्या शोधात आंबेटेंभच्या नदीवर

आमच्या नदीत मासे नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते कधी गेले, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. माझं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यात आहे. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यानंतर आम्ही सात-आठ बायकांनी नदीच्या काळ्या पाण्याबद्दल अर्ज करायला सुरुवात केली. एका कार्यालयातल्या साहेबांनी आमचा अर्ज नीट वाचला आणि शांतपणे विचारलं, आधी नदी कशी होती याची काही नोंद आहे का? आमच्याकडे आठवणी होत्या, नोंद नव्हती. आम्ही उठून बाहेर आलो.

त्यानंतर माझ्या भाचीने मला वैदेही पाटील यांच्याबद्दल सांगितलं. त्या अलिबागला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. काशीदच्या मागच्या डोंगरात आंबेटेंभ नावाचं गाव आहे, त्याच्या माथ्यावर बॉक्साइटची खाण आहे, आणि खाणीचा राडा नदीत किती उतरतो हे त्या नदीतल्या माशांवरून ओळखतात. दरवर्षी पावसाळा सरला की मोजणी असते. मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: "जरूर या. पण काठावर बसून बघता येणार नाही, पाण्यात उतरावं लागेल. जुनी साडी आणा."

नागाव

दिवाळी होऊन गेली होती. वैदेहीचं घर नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीत. घरासमोरून पाट वाहतो, मागून समुद्राचा आवाज येत राहतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, जवळपास कुठेतरी मोठी गिरणी चालू आहे. तसं मी बोललेही, आणि वैदेहीच्या सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणतात, त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

माईंनी वालाचं बिरडं केलं होतं. बरोबर तांदळाची भाकरी. आमच्याकडे ज्वारीची भाकर हातावर थापताना आवाज होतो. माईंची भाकरी आवाज न करता परातीत फिरत मोठी होते. मऊ इतकी की पहिला घास मी चावायच्या आधीच संपला. बिरड्यात गूळ आणि ओलं खोबरं. गोडसर भाजी मला जेवणासारखी वाटेना, पण दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी नको म्हटलं नाही. माझ्या पिशवीत घरचा ठेचा होता. माईंनी तो आवडीने बोटभर घेतला आणि नंतर बराच वेळ सोलकढी पीत बसल्या. माझ्या जेवणाबद्दल त्यांना त्यानंतर काळजीच वाटू लागली.

वैदेही चाळिशीची, बारीक, बोलताना हातात सतत काहीतरी असणारी. सुपारी सोलता सोलता तिने मला सुरुवातीची हकीकत सांगितली. पहिल्या वर्षी ती एकटीच बाटल्या घेऊन नदीवर जायची. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत द्यायची. उत्तर कधी बरं यायचं, कधी वाईट, आणि त्याचा मेळ लागायचा नाही. नदीवर मासे धरायला येणारी एक बाई रोज खडकावर बसून हे बघत असे. एके दिवशी तिने विचारलं, बाटलीत काय बघता? वैदेहीने सांगितलं, पाणी चांगलं आहे का ते. त्यावर ती बाई उठली, पाण्यात उतरली, एका दगडाखाली हात घातला आणि बोटाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा वैदेहीच्या तळहातावर ठेवला. "ही मुरी," ती म्हणाली. "ही हाय तवर पानी बरा हाय."

"सहा वर्षं झाली," वैदेही मला म्हणाली. "मी जे जे छापलंय, त्याची सुरुवात त्या तळहातावरनं झाली. उद्या तुम्हाला त्या भेटतील. बारकीमावशी."

वरची जागा

सकाळी रेवदंड्याचा पूल ओलांडून आम्ही काशीदच्या बाजूला निघालो. किनाऱ्यावर सुट्टीची माणसं घोड्यावर बसून फोटो काढत होती. तिथून गाडी डोंगराकडे वळली आणि पाचच मिनिटांत समुद्र होता की नव्हता असं झालं. भात कापून झालेली खाचरं, गवताच्या उडव्या, मधूनच लाल मातीचा चढ. गावाबाहेर आदिवासी वाडी आहे. तिथे बारकीबाई वाघमारे वाट बघत उभ्या होत्या.

साठीच्या असतील. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला बांबूची निमुळती टोपली. मी नमस्कार केला, तर त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि चपला गाडीतच ठेवायला सांगितल्या. मी ठेवल्या नाहीत. पुढे अर्ध्या तासात एक चप्पल नदीने नेली आणि दुसरी मीच फेकून दिली.

मोजणीच्या तीन जागा आहेत. वरची जागा खाणीच्या ओढ्याच्या वर, जिथे खाणीचं पाणी पोचतच नाही. मधली जागा तो ओढा नदीला मिळतो त्याच्या खाली. आणि खालची गावाजवळ, जिथे नळयोजनेची विहीर आहे. तिन्ही जागी सारखाच वेळ, सारखंच जाळं, तेवढेच दगड. कोणते मासे, किती, केवढे, त्यांचे कल्ले कसे आहेत, हे वहीत लिहायचं आणि मासे परत सोडायचे. वैदेही मोजायची, मी वही धरायची, आणि मासे धरायच्या बारकीबाई.

मी जन्मभर मुलांना माशाचे कल्ले फळ्यावर काढून दाखवले. पण पाण्यात मासा कसा शोधतात हे मी त्या दिवशी पाहिलं. बारकीबाई वाकून दोन्ही हात दगडाच्या दोन बाजूंनी खाली सरकवायच्या आणि डोळे मिटायच्या. पाणी जराही गढूळ व्हायचं नाही. मग हात ओंजळ होऊन वर यायचे आणि ओंजळीत मासा असायचा. प्रत्येकाचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि नावापेक्षा जास्त म्हणजे त्याचं घर. शिंगटी मुळ्यांत राहते. डाकू चिखलातही जगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मुरी मात्र गोट्यांच्या फटीत राहते, फटीतच अंडी घालते. खाणीची लाल माती वाहून आली की आधी त्या फटी बुजतात. वरून पाणी नितळ दिसायला लागलं तरी खाली तिचं घर मोडलेलं असतं. म्हणून सगळ्यांत आधी ती जाते.

मला हे ऐकताना इतकं चांगलं वाटत होतं की पायाखाली लक्ष राहिलं नाही. शेवाळावरून घसरून मी वहीसकट बसले. वही मी उंच धरली, ती वाचली, चष्मा गेला. वैदेही घाबरली. बारकीबाईंनी आम्हाला दोघींना जागचं न हलायला सांगितलं, डोळे मिटले, आणि मासे शोधतात तसाच माझा चष्मा शोधून काढला. लगेच पुढच्या दगडाकडे वळल्या.

वरच्या जागी मुऱ्या पुष्कळ होत्या. मोजणी झाल्यावर बारकीबाईंनी स्वतःसाठी मोजके मासे ठेवले, केळीच्या पानात मीठ-हळद लावून गुंडाळले आणि काटक्यांच्या विस्तवावर भाजले. माझ्यापुढे पान ठेवलं तेव्हा मी क्षणभर थांबले. माझे वडील आमच्या नदीतले मासे आणायचे. वडील गेल्यानंतर, त्याला वीस वर्षं तरी झाली असतील, मी नदीचा मासा खाल्ला नव्हता. आमच्याकडे आता कुणीच खात नाही. मी काटे काढत सगळं पान संपवलं. बारकीबाईंनी काही न विचारता आणखी एक मासा माझ्या पानात टाकला.

मधली आणि खालची जागा

दुसऱ्या दिवशी मधल्या जागी पोचलो तेव्हा पाणी कालच्याइतकंच स्वच्छ दिसत होतं. मी तसं म्हणालेही. बारकीबाईंनी माझा हात धरून पाण्यात घातला. दगड हलेना. त्याच्याभोवती मऊ, चिकट, लाल चिखल बसला होता, गवंड्याने सांधे भरावेत तसा. आम्ही ठरल्याप्रमाणे सगळे दगड तपासले. वरच्या थरातले छोटे मासे होते. डाकू होता. मुरी एकही नव्हती. गेल्या वर्षी इथे थोड्या तरी होत्या. जे मासे मिळाले त्यांचे कल्ले वैदेहीने उचलून दाखवले: कल्ल्यांच्या झालरीत लाल गाळ अडकलेला.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. खाण काही वर्षं बंद होती. यंदा नव्या ठेकेदाराने टाकाऊ मातीचा जुना ढीग हलवायला घेतला होता. ओढ्याच्या तोंडाशी गाळ अडवायचं तळं आहे, त्याचा बांध एका बाजूने फुटलेला आम्ही चढून जाऊन पाहिला. पावसाळाभर त्या खिंडारातून माती खाली गेली होती.

वैदेही रागावली होती, पण तिच्या रागात एक समाधानही होतं हे मला दिसलं. खरं सांगायचं तर माझ्यातही होतं. पुरावा हातात होता. दोन दिवसांनी ग्रामसभा होती, तिथे खाणीचे व्यवस्थापक येणार होते. गावातली काही माणसं खाणीवर कामाला, बाकीच्यांना खाण नको, आणि दोन्ही बाजू वैदेहीच्या वहीची वाट बघत होत्या.

दुपारी खालची जागा. तिथे काहीच मिळालं नाही. मुरी नाही, शिंगटी नाही, चिंबोरी नाही, पाण्यावर पळणारे किडेसुद्धा नाहीत. बरोबर आलेले उपसरपंच म्हणाले, बघा, खाणीने इथपर्यंत मारलं. आणि विहीर शंभर पावलांवर. वैदेहीने लिहायला पेन उघडलं.

बारकीबाई मात्र दगड उलटत राहिल्या. एक, दोन, पाच. दगड सुटे होते, खालचे गोटे धुतल्यासारखे स्वच्छ. फटी मोकळ्या होत्या. त्यांनी एका कपारीतून मेलेली वाम काढली, सापासारखा हातभर लांब मासा, आणि वास घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं. गाळाने मासे मरतात तेव्हा आधी तळाचे जातात, वरचे राहतात. इथे लहान-मोठे सगळे एकदम गेलेत आणि तळ स्वच्छ आहे. ही खाण नाही. ही ब्लीचिंग पावडर आहे. मासे झटपट तरंगून यावेत म्हणून कुणीतरी पाण्यात टाकलीय.

उपसरपंच म्हणाले, मावशी, हे सभेत बोलायची गरज नाही, खाणवाल्यांच्या हातात आयतं कोलीत मिळेल. एवढं बोलून ते गेले.

परतताना गाडीत काशीदचा समुद्र दिसायला लागल्यावर वैदेहीने मला विचारलं, कुंदाताई, तुम्ही असता तर काय केलं असतं? तिसरी जागा नुसती गाळली तर खोटं काहीच होत नाही, मधल्या जागेचा पुरावा पुरेसा आहे. मी म्हणाले की मला वाटतं तू सगळं लिहावंस. पण हे म्हणणं मला सोपं होतं. मी परवा परत जाणार होते. सहा वर्षं ज्या गावाने तिला घरोघरी चहा पाजला, त्या गावासमोर तिला उभं राहायचं होतं.

सभा

ग्रामसभा शाळेच्या वर्गात भरली. मी मागच्या बाकावर बसले. खाणीचे व्यवस्थापक पन्नाशीचे, नीटनेटके गृहस्थ. त्यांनी आधी आपला कागद वाचला. प्रयोगशाळेचा अहवाल, पाणी पिण्यालायक. वैदेहीने विचारलं, नमुना कधी घेतला? मे महिन्यात. तेव्हा ओढा कोरडा असतो, माती वाहतच नाही, असं ती म्हणाली. व्यवस्थापक म्हणाले की त्यांना दिलेली तारीख तीच होती, आणि माशांवरून पाणी ठरवायचं असेल तर मग अहवाल कशाला हवेत. दोन-तीन माणसं हसली.

वैदेही उभी राहिली आणि तिने तिन्ही जागा वाचल्या. वरची वाचली. मधली वाचली, वर्गात कुजबुज झाली. तिसरीही वाचली: गाळ नाही, विषाची लक्षणं. पावडर.

एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, पोरीला खाणीने विकत घेतलं. कुणी म्हणालं, शहरातल्या माणसांना गावाची बदनामी करायला आवडते. उपसरपंच मान खाली घालून बसले होते. व्यवस्थापकांनी पेन खिशाला लावलं आणि ते उठायच्या बेतात होते.

तेव्हा दारापाशी जमिनीवर बसलेल्या बारकीबाई उठल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे ऐकायला लोकांना गप्प व्हावं लागलं.

"म्याडम खोटा बोलत न्हाय. पावडर टाकनाऱ्यांत माझा जावय व्हता. मी घरी जाऊन इचारला, त्यानं कबूल केला. बाकीचे दोघं गावातले हाईत. त्यांची नावा त्यांनी सांगावी, मी न्हाय सांगनार."

मग त्या व्यवस्थापकांकडे वळल्या.

"आमचा पाप आमी सांगितला साहेब. आता तुमी माझ्याबरूबर नयवर चला. बाटली यक दिस येते न् जाते. मासा बारा महिने थितंच ऱ्हातो. त्याचा घर बघा, मंग कागद वाचा."

मागून एक तरुण माणूस उभा राहिला, नुसता उभा राहिला, आणि खाली बसला. त्याच्या शेजारच्याने भिंतीकडे तोंड केलं. नावं सांगायची गरज उरली नाही.

व्यवस्थापक नदीवर गेले नसते तर मला नवल वाटलं नसतं. ते गेले. अर्धं गाव त्यांच्या मागे. वरच्या जागी बारकीबाईंनी त्यांना बूट काढायला लावले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली, आणि त्यांचे दोन्ही हात एका दगडाखाली ठेवून आपले हात वरून धरले. त्यांच्या बोटांतून मासा निसटला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. मग ती सगळी वरात मधल्या जागी आली. तिथे बारकीबाईंनी त्यांना काहीच समजावलं नाही. ते स्वतःच वाकले, एक दगड हलवून पाहिला, दुसरा हलवून पाहिला, आणि हाताला लागलेला लाल चिखल बराच वेळ बघत राहिले. नंतर त्यांनी फुटलेला बांध कुठे आहे ते वैदेहीला विचारलं.

मला कुणाला देवमाणूस ठरवायचं नाही. ते म्हणाले की हे त्यांना माहीत नव्हतं. असेल किंवा नसेल. पण परत शाळेत येऊन त्यांनी सभेच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं की पुढच्या पावसाआधी बांध दगडात बांधला जाईल आणि तोवर ढीग हलवायचं काम थांबेल. त्याच पानावर गावाने लिहिलं की नदीत पावडर टाकणाऱ्याला गावाच्या पाण्यावर वर्षभर राखण करावी लागेल. बारकीबाईंनी अंगठा न उमटवता आपलं नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. लिहायला त्यांना वैदेहीने शिकवलं होतं, मासे ओळखायला शिकवल्याच्या बदल्यात.

वैदेहीला त्या संध्याकाळी गावात एकाच घरी चहा मिळाला. ते उपसरपंचांचं घर होतं.

परत

निघताना मी बारकीबाईंना विचारलं, जावई काय म्हणाला? दोन दिवस त्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. लेक मधल्या मधे रडत होती. त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या टोपलीची एक सुटलेली पट्टी विणत होत्या, आणि विणणं थांबलं नाही. मी त्यांचा हात धरला. पाण्यात भिजून भिजून बोटांची कातडी मऊ झाली होती, माझ्यापेक्षाही मऊ. मी त्यांना आमच्या गावाला यायचं निमंत्रण दिलं. त्यांनी विचारलं, तुमच्या नदीला गोटे हायेत का? आहेत, मी म्हणाले. मग मासा येईल, त्या म्हणाल्या, पण आधी बघायला कुणीतरी पाहिजे.

पुढच्या पावसाळ्यानंतर वैदेहीचा फोन आला. बांध झाला होता, अर्धा दगडात, अर्धा मातीत, पण टिकला. खालच्या जागी शिंगटी परतली होती. मधल्या जागी दोन मुऱ्या मिळाल्या. वैदेहीला 'मुरी परतली' असं लिहायचं होतं. बारकीबाईंनी तिला नुसतं 'दोन' लिहायला लावलं. राखणीचं काम जावयाने वर्षभर केलं, आणि आता तो सासूबरोबर मोजणीला येतो.

त्याच हिवाळ्यात आम्ही बायका आमच्या नदीत उतरलो. वैदेहीने सांगितल्याप्रमाणे तीन जागा ठरवल्या. एकीने जाळं शिवलं होतं, एकीने वही आणली. लोक पुलावर उभे राहून बघत होते, आणि शाळेतल्या बाई ह्या वयात चिखलात काय करतायत म्हणून हसत होते. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी काही नाही. तिसऱ्या जागी, तासाभराने, आमच्यातल्या शालूच्या जाळ्यात एक डाकू आला. आम्ही सगळ्या त्याच्याभोवती गोळा झालो. माझ्या शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही त्याला लगेच सोडून दिलं, घरी आलो, आणि मी वैदेहीकरवी बारकीबाईंना फोन लावला.

मी त्यांना सगळं सांगितलं, दोन जागी शून्य, तिसऱ्या जागी एक डाकू. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "कल्ले कंच्या रंगाचे व्हते? लाल, का कोळशानं काळे?"

मी पाहिले नव्हते.

"मंग परत उतरा," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही परत उतरलो.